पांडूकाकांचा डफ

यंत्र कधी खोटं बोलत नाही हो, माणसं अर्धंच सांगतात. साकोलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. एकोडीच्या नाटक मंडळीतला गिटारवाला मनोहर आपला जुना, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला.

"भाऊ, अर्ध्या तालमीत आवाजच बसते."

मी एक व्हॉल्व्ह बदलला, सोल्डरिंगचे सैल टाके पुन्हा मारले. टेबलावर दिवसभर वाजवला, ठणठणीत! मनोहर घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

"पुन्हा तसंच होऊन राहिलं. नाटक तर तोंडावर आलं."

शेवटी चिडून मी तालमीलाच जाऊन बसलो. बघतो तर डफवाले पांडूकाका आले आणि त्यांनी डफ अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला टेकवला. हवेची सगळी भोकं बंद!

"काका, हे काहून?"

"थंडीनं कातडं सैल पडते, बाबू. पडद्याजवळ जाळ करू देत नाही. हा खोका मस्त गरम रायते."

"अहो, म्हणूनच तो तापून बंद पडते!" मी डफ तिथून हलवायला लावला.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मनोहर दुकानात आला.

"वाजली ना गिटार शेवटपर्यंत?"

"वाजली. पण डफ थंडीनं बसला, लावणीले लोक हसले. काका म्हणते, ज्यानं बिघडवला त्यालेच दुरुस्त करू दे."

आणि त्यानं डफ माझ्या टेबलावर ठेवला.

मी दुरुस्तीला आलेला एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ चालू केला आणि डफ त्याच्या पाठीला टेकवला.