गवळीवाड्याचा खडीचा रस्ता

आमच्या लोणीवाल्या सोनाबाई तुम्हाला आठवतात ना? कलघटगीच्या रानातल्या गवळीवाड्यावरून केशवापूरला यायच्या. आम्ही मात्र तिकडे कधी गेलो नव्हतो. पावसाळ्यात त्यांची वाट चिखलात बुडायची, म्हणून दिवस भरत आलेल्या बायका आधीच इकडे केशवापूरला, दवाखान्याजवळ कुणाकडे तरी येऊन राहायच्या. यंदा सोनाबाईंची लेक आमच्याकडे यायची होती. आम्हाला मूलबाळ नाही. बायकोने खोली आवरली, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली.

ऐन आषाढात सोनाबाई एकट्याच दारात उभ्या. बायको घाबरली. "पोरगी कुठाय?"

"घरीच हाय, अक्का. खडीचा रस्ता झाला. आता भर पावसात जीप दारापतुर येती. तुमाला तरास नगं."

"बरं झालं की," म्हणत बायको चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर येईना.

सोनाबाईंचं लक्ष घडी घातलेल्या दुपट्यांकडे गेलं. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्या ओरडल्या, "अक्का, चहा ऱ्हाऊ द्या! दुपटी घ्या अन् चला, जीप गल्लीत उभी हाय. रस्ता काय नुसता आमाला इकडं यायलाच केलाय व्हय?"