मानाचा शेला

हसा लेकहो, पण माझ्या जुन्या गाडीले भंगार म्हणू नका. तीन वर्षं खपून मी तिले स्वतःच्या हातानं उभी केली होती. म्हणून पुतण्याच्या लग्नात नवरदेवाले तिच्यातच बसवलं. मे महिन्याची दुपार, मुहूर्ताले अर्धा तास, अन् गांधीबागेच्या भर बाजारात गाडी बंद!

"काय झालं काका?"

"ऊन लागलं तिले."

"मजाक नका करू!"

"मजाक नाही गा. पंपातच पेट्रोलची वाफ होऊन राहिली. तुझा शेला दे."

"लग्नाचा शेला?"

"लग्न करायचं आहे ना?"

बाजूच्या दुकानातल्या माठात शेला बुचकळला अन् पंपाले गुंडाळला. पाच मिनिटांत गाडी एका झटक्यात सुरू. मुहूर्त सापडला.

मांडवात नवरीच्या वडिलांनी नवरदेवाचा रिकामा खांदा पाहिला.

"जावईबापूंचा शेला कुठी गेला?"

मी बाहेर उभ्या गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं. वाटलं, आता हे भडकतात. ते आत गेले अन् दोन नवे शेले घेऊन आले. एक नवरदेवाच्या खांद्यावर टाकला. दुसऱ्यासाठी मी मान पुढं केली.

"तुम्ही थांबा," ते म्हणाले, "हा गाडीचा."