न उघडलेली फाइल

सुकुमार : म्हंजे आईनं जाताना माज्यासाठी जे बोलून ठिवलं हुतं, ते मी उघडलं न्हाई म्हणून यंत्रानं काढून टाकलं?

दीपाली : हो, काका.

सुकुमार : आन् बाकीच्यांची हायत?

दीपाली : आहेत. बाबांचं, आत्याचं, माझं. आम्ही ती रेकॉर्डिंगं ऐकली होती. तुमचं तेवढं कोणी उघडलं नव्हतं.

सुकुमार : नीट सांग, पोरी. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर तू सांगितलंस तर कळंल.

दीपाली : कराडला आमच्या ऑफिसात एक साधन केलंय. ते फाइलची माहिती काढतं. नाव, आकार, कधी तयार झाली, शेवटची कधी उघडली. फाइल न उघडता. ते साधन माणसं वापरत नाहीत, एआय एजंट वापरतो. स्वतःहून कामं करणारा प्रोग्रॅम. पण साधन कशासाठी आहे, कुठल्या माहितीचा काय अर्थ घ्यायचा, हे त्याला लिहून द्यावं लागतं. ते लिहायचं काम माझं.

सुकुमार : नव्या गड्याला काम समजावून द्यावं तसं.

दीपाली : तसंच. फक्त हा गडी उलट विचारत नाही. ऑफिसात देण्याआधी मी नेहमी घरी चालवून बघते. घरच्या कॉम्प्युटरची जागा संपली होती, म्हणून त्याला म्हटलं, नको त्या फाइली काढ.

सुकुमार : आन् तू काय लिवलं हुतंस? वाच.

दीपाली : वाचू?

सुकुमार : वाच म्हनतोय न्हवं.

दीपाली : "शेवटची उघडल्याची तारीख रिकामी असेल, तर फाइल कोणीही उघडलेली नाही. अशी फाइल बहुधा नको असलेली असते."

सुकुमार : बहुधा.

दीपाली : पहिलं वाक्य साधनाचं आहे. दुसरं माझं. कोणी सांगितलं नव्हतं. एजंटला सोपं जावं म्हणून घातलं.

सुकुमार : परत आणता येत न्हाई?

दीपाली : सगळं करून पाहिलं. पुण्यातल्या एका जाणकारालाही दाखवलं. त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. आणि ज्या फोनवर ते रेकॉर्ड केलं होतं, तो बाबांचा फोन पुरात गेला.

सुकुमार : अण्णाला, तुज्या बाबाला, ठाऊक आसंल की, ती काय बोलली. फोन त्यानंच धरला आसणार.

दीपाली : धरला नव्हता. सुरू करून उशाशी ठेवायचे आणि बाहेर यायचे. आज्जीचंच म्हणणं. जाण्याआधी प्रत्येकाची क्षमा मागायची, ती दोघांतली गोष्ट, तिसऱ्यानं ऐकायची नाही. माझ्या वेळीही मी दाराबाहेर होते.

सुकुमार : आईचं आसलंच. मी कोंबड्यांची शेड घातली, तवापासनं माज्या घरात पाणी प्याली न्हाई ती. दारात यायची, पोरांना बघायची, हुभ्या हुभ्या परत जायची. म्हनायची, जैनाच्या पोरानं जीव इकून खावं व्हय? मी म्हनायचो, कडेगावच्या माळावर दुसरं काय पिकतंय ते तूच दाव.

दीपाली : तिनं सल्लेखना घेतली तेव्हा बाबा आले होते तुम्हाला बोलवायला.

सुकुमार : आला हुता. म्हनला, आईनं अन्न सोडलंय, आता पाणी बी सुटंल, चल. मी म्हटलं, पक्ष्यांची गाडी भरायची हाय, उद्या येतो. उद्या आलो त्यो मयताला.

दीपाली : मग ऐकलं का नाहीत? इतकी वर्षं?

सुकुमार : तिनं माझी क्षमा मागायची, आन् माज्या मागं कोंबड्या वरडत्यात. कसं ऐकू? औंदा शेड मोडली. पत्रंसुदीक काढलं. म्हटलं, आता क्षमावाणीच्या दिवशी सांगलीला तुमच्याकडं जायचं, अंघोळ करून बसायचं, आन् ऐकायचं.

दीपाली : काका, मी…

सुकुमार : ऱ्हाऊ दे. आज लोक 'उत्तम क्षमा' म्हनत दारात येत्यात. तू म्हनू नगंस मला. लगीच न्हाई जमायचं.

दीपाली : नाही म्हणत.

(दीपाली कॉम्प्युटरवर काहीतरी शोधून काढते.)

दीपाली : एक राहिलंय. काढण्याआधी एजंटनं त्या फाइलची माहिती घेतली होती. तेवढी आहे.

सुकुमार : काय हाय त्यात?

दीपाली : नाव, सुकुमार. आकार जवळपास आमच्या फाइलींएवढाच. आणि तयार झाल्याची वेळ. ती गेली त्या दिवशीची, पहाटेची.

सुकुमार : त्या दिवशीची? पर आदल्या सांजेलाच मौन घेतलं हुतं न्हवं तिनं?

दीपाली : मुनीमहाराजांसमोर घेतलं होतं. नंतर कोणाशी बोलली नाही, हातानं खुणा करायची. मी बाबांना विचारलं. म्हणाले, पहाटे तिनं फोनकडे बोट केलं, सुरू करून ठेवला आणि बाहेर आलो.

सुकुमार : मग बोलली का न्हाई ती?

दीपाली : ते साधनाला कळत नाही.

सुकुमार : आकारावरनं बी न्हाई?

दीपाली : नाही. माणूस बोललं काय, नुसतं फोनपाशी पडून राहिलं काय, फाइल तेवढीच भरते.

सुकुमार : माज्यासाठी बोलली आसंल, तर तिचं व्रत मोडलं ते माज्यापायी. आन् न्हाई बोलली, तर…

दीपाली : तर तेवढा वेळ ती तुमच्यासाठी नुसती जागी होती.

सुकुमार : तू लिवलंस त्यात हाय का ह्ये?

दीपाली : काय?

सुकुमार : आत काय हाय ते भायेरनं कळत न्हाई, ह्ये.

दीपाली : नाही. माझं ते वाक्य काढून टाकलंय. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.

सुकुमार : मग लिव्ह आता. अण्णा देवळातनं येईस्तवर बसतो मी हितं.