ब्रेकमधली हवा

गाडीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. आमच्या गारखेड्यात नारायणराव एकटेच राहतात. पत्नी गेल्यावर त्यांनी जुन्या विलायती स्पोर्ट्स कारची हुबेहूब प्रतिकृती अंगणात स्वतःच्या हातांनी उभी केली. अडले ते ब्रेकपाशी. नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा. म्हणून त्यांनी मला हाक मारली.

"दाबा, गुरुजी. धरून ठेवा. हां, सोडा आता!"

थोड्याच वेळात हवा निघून गेली आणि पेडल दगडासारखे घट्ट झाले. मी देवळातल्या आरतीसाठी उठलो, तर गाडीखालून आवाज आला, "लई नाय, थोडी हवा राहिली बघा. उद्या येता का?"

दुसऱ्या दिवशीही तेच घडले. तिसऱ्या दिवशी मी रोखठोक विचारले, "नारायणराव, पेडल तर घट्ट आहे. हवा आहे कुठे?"

गाडीखाली पाना थांबला.

"दोघांचा चहा टाकलाय, गुरुजी," एवढेच ते म्हणाले.

असत्य मी कधी कुणाचे खपवून घेतलेले नाही. मी पुन्हा सीटवर बसलो, पेडल दाबले आणि म्हणालो, "खरे आहे तुमचे. अजून बरीच हवा आहे."