एकाच गावच्या तीन जमाती

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज संग्रहालयातून निवृत्त होणारे आमचे सर, आणि चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी,

मी इथे पाहुण्यांना दालनं दाखवते. डोंगरातल्या आदिवासी गावातून नोकरीला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी मला तीन काचेची कपाटं दाखवली. त्यांवर पाट्या होत्या: अगत्यशील जमात, अबोल जमात, भांडखोर जमात. शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी प्रवाशानं आपल्या पुस्तकात तसं लिहून ठेवलं होतं. शेजारच्या जमातींचे स्वभाव इतके वेगळे कसे, यावर सरांनी प्रबंध लिहिला, नाव कमावलं. कारण काय शोधलं? हवामान!

मी म्हटलं, "सर, या तिन्ही जमाती म्हणजे आमचंच घर."

आता घरची गोष्ट सांगते. तो प्रवासी आला तोच पट्टी घेऊन लोकांची डोकी मोजत सुटला. अशा माणसाला आपला पाण्याचा झरा कोण दाखवेल? वाटाड्या होते माझे पणजोबा. त्यांनी त्याला डोंगराला वळसा घालून, नवं गाव म्हणून पुन्हा आमच्याच गावात आणलं. एकदा नव्हे, दोनदा! म्हणून पुस्तकात आमचा मुलूख निर्जल, ओसाड. पणजीनं पहिल्या खेपेला पोटभर जेवू घातलं. दुसऱ्यांदा मुकाट्यानं वाढलं. तिसऱ्यांदा काय केलं असेल, भगिनींनो, तुम्हीच सांगा.

सरांना काही पटेना. निवृत्तीला महिना उरला, तेव्हा खात्री करायला वही घेऊन ते स्वतः आमच्या घरी आले. काकूनं पहिल्या दिवशी आग्रह करकरून वाढलं. दुसऱ्या दिवशी ती फारसं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी चुलीपाशी बसून विचारलं, "तुम्ही लोक हा धूर सहन कसा करता?"

काकू म्हणाली, "तुम्हाला करतोय तसाच. गाडी किती वाजता आहे?"

सर वही मिटून परतले. माणूस जाताजाता आपल्याच प्रबंधावर पाणी कशाला सोडेल? मी असते तर सोडलं नसतं, खरं सांगते. पण परवा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून तिन्ही पाट्या उतरवल्या. म्हणाले, "तीस वर्षं मी शाळेच्या मुलांना हेच सांगितलं गं." मला रडू आवरेना.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सांभाळून घ्या. बसण्याआधी काकूचा निरोप तेवढा पोचवते. ती समोर बसली आहे, पण माईकवर यायला तयार नाही. ती म्हणते, "सर, आता मोकळे झालात, तर या राहायला. हवे तितके दिवस राहा. फक्त वही घरी ठेवून या."