चांगुणाबायने उतरवलेली माळ

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीसुद्धा दम घ्या. आज मला एकच गोष्ट विचारायची आहे. खरं बोलल्यामुळे ज्याचं घर तुटलं, गाव तुटलं, पोटचा पोरगा तुटला — त्याने ते खरं बोलायला हवं होतं का?

हां! लगेच माना हलवू नका. मांडवात बसून मान हलवायला काय जातंय? आधी ऐका, मग हलवा.

एक गाव होतं. खाडीकाठचं. नाव विचारू नका, गाव म्हटलं की झालं. होड्या, जाळी, तिवरांची दाट झाडी, आणि पाण्यात बोय मासा. मी खात नाही, पण ऐकून आहे! त्या खाडीच्या बोयची चव म्हणे दुसरीकडे नाही. त्या गावात चांगुणाबाय नावाची कोळीण. नवरा गेला त्या साली तिने गळ्यात तुळशीची माळ घातली. तेव्हापासून मासळी बंद. विकायची, पण तोंडात घालायची नाही. चूल वेगळी, भांडी वेगळी. आता काही लोक हसायचे — अगं, माळकरीण आणि टोपलीत म्हावरं? ती म्हणायची, "धंदा पोटाचा हाय, गल्यातली माल माज्या देवाची हाय. दोगांचा झगरा लावू नको." संपला विषय!

आणि गिऱ्हाईक कसं? वर्षानुवर्षांचं. तालुक्याच्या बाजारात तिच्या पाटीपुढे बायका थांबायच्या. कारण ही बाई माशाचा कल्ला उघडून दाखवायची आणि गळ्यातल्या माळेला हात लावून सांगायची, "सकालचा हाय." माळेवर हात ठेवला की पुढे कुणी घासाघीस करायचं नाही.

मग गावाच्या शेजारी आला तेलाचा डेपो. जहाजातून तेल उतरवायचं, टाक्यांत भरायचं, नळातून पुढे पाठवायचं. थांबा! मी तेलाला शिव्या द्यायला उभा नाही. मी आज आलो ती फटफटी काय हरिनामावर चालते? तुमच्या होड्या डिझेलवर, आमचा भोंगा जनरेटरवर. तेल सगळ्यांनाच हवंय. पण डेपो आला तेव्हा काय काय झालं ते तरी बघाल? तिवरं तोडली. खाडीच्या मुखाशी जाळं टाकायला बंदी झाली, का, तर तिथून जहाजं जातात. बदल्यात पोरांना गेटवर कंत्राटी नोकऱ्या. चांगुणाबायचा पोरगा धर्मा पण लागला. निळा शर्ट, गळ्यात पास! ज्यांच्या घरी पास, त्यांची मतं कुणाला? मच्छीमार सोसायटीचे चेअरमन जनार्दन तांडेल, त्यांना! कारण पास त्यांच्या शिफारशीने मिळायचा. कळलं ना? एका नळातून तेल वाहत होतं, दुसऱ्यातून मतं वाहत होती.

आणि मग पहिला नळ गळायला लागला.

फार नाही हो! थोडंसंच. डेपोचे साहेब म्हणाले थोडंसं, चेअरमन म्हणाले थोडंसं. पाण्यावर रंगीत साय धरायची, तिवरांची मुळं काळी पडायची. सोसायटीची बैठक झाली. ठरलं असं, की डेपो नवी जाळी देणार, देवळापुढे मांडव बांधून देणार, आणि गावाने ब्र काढायचा नाही. का, तर बाजारात कळलं तर आपल्याच मासळीला कोण हात लावणार? सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. बैठकीला बायकांना बोलावलं नव्हतं, ते सांगायला नकोच.

आता ऐका. एक दिवस बाजारात कर्णिक वहिनी आल्या. जुनं गिऱ्हाईक. पण पिशवी पुढे केली नाही. म्हणाल्या, "चांगुणा, रागावू नकोस, पण परवाच्या बोयला रॉकेलचा वास येत होता गं. मामंजी आजारातून उठलेत, तोंडाला चव नाही, तुझी बोय म्हणून हौसेने बसले... आणि ताट बाजूला सारून उठले."

चांगुणाबाय उसळली! "वयनी, काय बोलताव? ह्यो बगा कल्ला! लालबुंद! डोले बगा! ह्या मालेची शपत, माज्या म्हावऱ्याला वास नाय!"

वहिनींनी कल्ल्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीची घडी घातली आणि निघून गेल्या.

मंडळी, चूक इथे झाली बघा. आयुष्यभर कल्ला बघून तिने मासा ओळखला. पण तेलाच्या पाण्यातला मासा जिवंत असतो, ताजा असतो, कल्लाही लालच असतो! वास कळतो तो तव्यावर, जिभेवर. आणि ही बाई तर चाखतच नव्हती. चाखत नाही म्हणून माळ, आणि त्याच माळेवर हात ठेवून चवीची शपथ! सांगा, हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं?

घरी आली. सुनेला विचारलं, "गंगे, म्हावऱ्याला वास येतो काय गं?" सून चुलीतच बघत राहिली. म्हणाली, "आये, आमी आताशा लसून जास्ती घालताव."

म्हणजे? घरात माहीत होतं! पोराला माहीत, सुनेला माहीत, शेजारणीला माहीत. वेगळ्या चुलीवर भात शिजवून खाणारी ही एकटीच आंधळी. तिच्या माळेचा बाजारात उपयोग होत होता, म्हणून कुणी तिला सांगितलंच नव्हतं. तिला तेव्हा कसं वाटलं असेल? मी विचारलं तिला. म्हणाली, "महाराज, माज्याच घरात पावनी झालू."

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं. तिने आंघोळ केली. माळ काढली, देवापुढे ठेवली, हात जोडले. "इट्टला, तुजं नाव घेऊन मी खोटं बोललू का खरं, येवडं बगू दे." सुनेच्या चुलीवर, सुनेच्या तव्यावर बोयचा तुकडा टाकला. लसूण नाही, मसाला नाही, नुसतं मीठ. एक घास घेतला.

तो घास तिला गिळवेना. सगळं रॉकेल.

व्रत मोडलं होतं, आणि व्रत मोडून हाती काय आलं, तर आपण खोटी शपथ घेतली होती एवढंच! माळ परत घालायला हात धजेना.

पुढच्या बाजाराला पाटी घेऊन गेली, पण मासे मांडले नाहीत. रिकाम्या पाटीमागे उभी राहिली आणि ओरडून सांगितलं, "बायांनो, आमच्या खारीचं म्हावरं घेऊ नका! डेपोचा नल गलतो हाय. मी माल उतरवून चाखून बगितलं, मी शपत घेतली ती खोटी होती. मना पाप लागलंय, तुमी तरी पोरांना खायला घालू नका!"

झालं! तासाभरात बाजार मोकळा. शेजारच्या कोळणींच्या भरलेल्या पाट्या तशाच पडून. एकीने हिची पाटी लाथाडली. चेअरमन संध्याकाळी दारात. "चांगुणे, गावाच्या पोटावर पाय दिलास!" भजनी मंडळ आलं. "माळ उतरवून मासा खाल्लास? आता आमच्यात बसायचं नाही!" आणि धर्मा. त्याचा पास गेटवर काढून घेतला. तो ओरडला नाही. बायकोला घेऊन सासुरवाडीला निघाला. जाताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाला, "आये, तू नुसती गप रायली असतीस तरी मी तुला जलमभर पोसली असती."

मंडळी, यावर आईने काय बोलायचं असतं?

आता गंमत ऐका. गंमत म्हणतो, पण हसू नका. तालुक्यात बोभाटा झाला, वरून माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून नेलं, आणि महिन्याभरात गळका नळ बदलला! हळूहळू पाणी निवळलं. बोयला चव आली. बाजार भरला. सगळ्यांच्या पाट्या पुन्हा चालू! आणि हिची? हिच्यापुढे बायका थांबेनात. "अगं, ही तीच ना, वासाच्या माशांची?" खरं बोलली त्यातलं लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं!

पाटी बंद झाली. कुणाच्या हळदीला बोलावणं नाही, कुणाच्या मयताला निरोप नाही. बाई मला म्हणाली, "महाराज, आवाज जाईल म्हनून कोंबऱ्यांशी बोलताव. त्या बी बिचाऱ्या ऐकतान." आणि हसली. मी नाही हसलो.

का हो मंडळी? खाली का बघायला लागलात? तांडेल शेट, पाणी हवंय का? एवढा घाम का फुटला?

हो, याच गावची गोष्ट आहे! आज दुपारी फटफटी लावली, तहान लागली, समोर दिसेल त्या ओट्यावर जाऊन पाणी मागितलं. तीन माणसं धावत आली, "महाराज, तिथे नको, ते घर तसलं आहे." तसलं म्हणजे कसलं? तुमच्या खाडीचं पाणी ज्या बाईच्या एका ओरडण्याने स्वच्छ झालं, तिच्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही होय?

तिने मला विचारलं, "महाराज, पाप कुठलं? मासा खाल्ला ते, का न खाता शपत घेतली ते?" मी कीर्तनकार माणूस, तासन् तास बोलतो. पण तिला म्हटलं, हे चारचौघांत सांगायला हवं. आता तुमच्यापुढे उत्तर देतो. आई, चुकून घेतलेली खोटी शपथ तू सगळ्या बाजारासमोर परत घेतलीस. ती माळ तू देवापुढे ठेवलीस, देवाने ती टाकली नाही. तुला टाकलं ते आम्ही!

आणि मी सुरुवातीला काय विचारलं होतं? बोलायला हवं होतं का? ते तिला विचारू नका. तिने उत्तर देऊन झालंय. प्रश्न तुम्हाला आहे — ती बोलली तेव्हा तुम्ही कुठे होता?

आता नामाचा गजर करू आणि थांबू. या मांडवात महाप्रसादाची पंगत बसेल. जिलबी आहे, मसालेभात आहे, डेपोवाल्यांनी हात सैल सोडलाय, पोटभर जेवा. माझं पान वाढू नका. चांगुणाबायने भाकरी थापलीय, मी तिच्या ओट्यावर जेवणार आहे. ओटा मोठा आहे, दहा-वीस माणसं सहज बसतील. कुणालाही मी नावाने हाक मारणार नाही. चला, वाजवा टाळ!