कलम चौदा, आणि काकांच्या मिशा

आदरणीय अध्यक्षा सुमेधाताई. आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्रीयुत ढुंढिराज पुणतांबेकर, म्हणजे आपले ढुंढिराजकाका. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या नंदाकाकू. आणि या कडाक्याच्या थंडीत गल्ल्या ओलांडत आलेल्या माझ्या काशीकर मराठी बंधुभगिनींनो,

मी बकुळ शेवडे. गंगेपलीकडे, रामनगरच्या ‘मलयानिल पंखे’ या कारखान्यात गेली सोळा वर्षं नोकरीला आहे. मला ऐकू येत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे माझा आवाज चढला की पडला, ते मला कळत नाही. पहिल्या रांगेत माझे यजमान शरद बसलेत, ते हातानं खुणावतात. आत्ताच त्यांनी हात खाली दाबला, म्हणजे मी ओरडते आहे. माफ करा.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी काकांच्या विद्वत्तेबद्दल आणि मंडळाच्या गणेशोत्सवाबद्दल खूप छान सांगितलं असणार. असणार म्हणते, कारण दोघांनीही कागदात बघून भाषण केलं, आणि कागदामागचे ओठ मला वाचता येत नाहीत. म्हणून मी एवढंच सांगते, जे मला स्वतःला माहीत आहे.

मी १९८३ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. काका तिथे कार्मिक अधिकारी. नेमणुकीचा करार त्यांनी मला वाचून दाखवला. चौदावं कलम असं होतं : ‘नोकरीच्या काळात कर्मचारी शरीरानं कायमचा अकार्यक्षम झाल्यास त्याचा करार त्या दिवसापासून आपोआप संपुष्टात येईल.’ मी हसून विचारलं, “काका, म्हणजे काय हो?” ते म्हणाले, “अगं, ते नुसतं लिहायचं असतं. कर सही.”

मी सही केली. चोवीस वर्षांची होते मी. चोविसाव्या वर्षी कोण कलमं वाचतं?

तेरा वर्षं मी टेलिफोनच्या खोलीत बसले. “मलयानिल पंखे, नमस्कार,” एवढं म्हटलं की तारेच्या दुसऱ्या टोकाला एक गाव उघडायचं. पाटण्याचे तिवारीजी, गोरखपूरचे गुप्ताजी, सागरच्या दुकानातला तो बोबडा मुनीम. कुणाच्या मागे रेडिओ, कुणाच्या मागे पाऊस. त्यांच्यातला एकही माणूस मी कधी पाहिला नाही, पण कुणाला सर्दी झाली आहे ते मला पहिल्या शब्दात कळायचं.

मग शहाण्णवच्या जानेवारीत मला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस मी कुठे होते ते मला ठाऊक नाही. बाराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा शरद खाटेपाशी वाकून काहीतरी बोलत होते, आणि मला वाटलं, हे इतकं हळू का बोलताहेत? झोपलेल्या माणसाला जपावं तसं? मी म्हटलं, “मोठ्यानं बोला ना.” माझंच बोलणं मला ऐकू आलं नाही.

दुःख लगेच झालं नाही, खोटं कशाला सांगू? आधी नुसतं सगळं लांब गेलं. घरी आणल्यावर मी खिडकीशी बसायचे. खाली गल्लीतून सांड जायचा, मागून सायकलवाला हात हलवत त्याला हाकायचा, समोरची बाई ताटली आपटायची, आणि सगळं पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं. संध्याकाळी शरद मला अहिल्याबाई घाटावर न्यायचे. आरतीची घंटा हलताना दिसायची. लोकांचे ओठ एकदम उघडायचे, एकदम मिटायचे. नाव पाण्यावरून जायची ती पाण्याला न शिवल्यासारखी. तेव्हा मला वाटायचं, मी कुणाच्या तरी स्वप्नात आले आहे, आणि त्या माणसाला जाग आली की मी घरी जाईन.

जाग आली ती एप्रिलमध्ये. काका घरी आले. खिशात पत्र होतं. ते मला देण्याआधी ते खूप वेळ बोलले. काय बोलले, देव जाणे. आज इथली तरुण मंडळी काकांना सफाचट चेहऱ्याचे म्हणून ओळखतात, पण तेव्हा काकांच्या मिशा साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होत्या. दोन्ही ओठ झाकणाऱ्या, टोकांना पीळ दिलेल्या. तीन महिन्यांत शरदचे, आईचे, शेजारणीचे ओठ मी वाचायला शिकले होते. काकांच्या चेहऱ्यावर मात्र नुसत्या मिशा हलत होत्या. मला रडू फुटलं. म्हटलं, “काका, तुम्ही काय सांगताय ते दिसतच नाही हो मला!”

त्यांनी पत्र पुढे केलं. कलम चौदानुसार माझा करार संपला होता. खाली सहीची जागा मोकळी होती. सही काकांची व्हायची होती. मी आतून कागद आणला आणि राजीनामा लिहायला बसले. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईला ऐकू येत नसेल, तर भांडायचं कशासाठी? काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, दोन्ही कागद खिशात घातले आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं असणार. शरदनी उघडलं, आणि एक अनोळखी गृहस्थ आत आले. पांढरा, उघडा वरचा ओठ. डोळे बघितले तेव्हा ओळखलं.

आपल्याकडे माणूस मिशी कधी उतरवतो, ते सांगायला नको. घाटापासून आमच्या घरापर्यंत काकांना सात जणांनी गाठलं होतं. “पंडितजी, कौन गुजर गया?” आणि काका प्रत्येकाला सांगत आले होते, “कोई नहीं भैया, मूँछ के मारे बात सुनाई नहीं देती थी.” हे मला मागाहून नंदाकाकूंनी सांगितलं. त्या स्वतः दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या, हेही सांगितलं. हो ना काकू?

काका माझ्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, “बकुळ, ते कलम म्हणजे माझं माप आहे.” मी विचारलं, “कसलं माप?” ओठांवर प आणि म सारखेच दिसतात. त्यांनी वहीत लिहून दाखवलं : पाप. खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘कारखाना उघडला तेव्हा दुसऱ्या कुठल्याशा करारावरून मी हे उतरवून घेतलं. आपोआप असं लिहिलं. आपोआप काही होत नाही. कुणीतरी बसून लिहितं.’

त्याच वर्षी फेब्रुवारीत अपंगांसाठीचा नवा कायदा लागू झाला होता. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढू नका, दुसरं काम द्या, असं त्यात होतं. काकांनी तो मिळवून तीनदा वाचला. पण ते बंधन सरकारी संस्थांना. आमचा कारखाना खासगी. आमचे मालक लालाजी, सज्जन माणूस, पण व्यवहारी. ते म्हणाले, “पंडितजी, कानून हम पर लागू नहीं. और लड़की आपकी बिरादरी की है, इसलिए आप लगे हैं.”

काका म्हणाले, “तो फिर सबके लिए बदल दीजिए. नाम किसी का मत लिखिए.”

आम्ही ते कलम अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसून लिहिलं, आधी मराठीत. ते बोलायचे, मी त्यांचे ओठ बघायचे आणि लिहायचे. ‘कर्मचाऱ्याला अपंगत्व आल्यास त्याला कामावरून कमी करू नये. त्याच दर्जाचं, त्याला झेपेल असं दुसरं काम द्यावं.’ मी म्हटलं, “काका, एक शब्द राहिला. त्याला विचारून.”   ते मान हलवून म्हणाले, “घाल.” त्या नव्या कायद्यातही हा शब्द नव्हता. आमच्या कलमात आहे.

लालाजींनी माझं काम बघायला एक वर्षाची मुदत दिली. कारखान्यात नुकतंच फॅक्सचं यंत्र आलं होतं आणि ते कुणालाच नको होतं. ते मी मागून घेतलं. तिवारीजी, गुप्ताजी सगळे आता कागदावर यायला लागले. तिवारीजींचं अक्षर त्यांच्या आवाजासारखंच घाईचं, शेवटचा शब्द गिळणारं. तो बोबडा मुनीम कागदावर मुळीच बोबडा नव्हता, त्याचं अक्षर मोत्यांसारखं. सकाळी तरंगत्या लोखंडी पिंपांवरच्या पुलावरून रामनगरला जाताना धुकं असायचं. पुलाची हालचाल तळपायांना कळायची. आणि मला वाटायचं, चला, आज कोण कोण बोलणार आहे ते बघू.

वर्ष सरलं. माझ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणजे ते चाललं. नवं कलम सगळ्यांच्या करारात आलं. गेल्या वर्षी वर्कशॉपमधल्या राममूरतची तीन बोटं यंत्रात गेली. तो इस्पितळातून सरळ काकांकडे आला आणि हात पाठीमागे लपवून उभा राहिला. काकांनी चौदावं कलम काढून त्याला वाचून दाखवलं, आणि विचारलं, “बताओ, कौन सा काम करोगे?” मी काचेपलीकडून बघत होते. राममूरतनं लपवलेला हात पुढे आणला. आज तो गोदाम सांभाळतो.

आता एक गोष्ट, जी काकांना आवडणार नाही. मागच्या मंगळवारी निवृत्त होताना त्यांनी दफ्तर लावून दिलं, तेव्हा माझ्या फाइलीत मला एक कागद सापडला. लालाजींच्या नावे, शहाण्णवचा. ‘वर्षभरात श्रीमती शेवडे यांचे काम समाधानकारक न वाटल्यास त्यांच्याबरोबर माझाही राजीनामा स्वीकारावा.’ काका, निवृत्तीला तुमची तीन वर्षं उरली होती. नंदाकाकूंना हे माहीत नव्हतं. आत्ता त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगते, आजवर माहीत नव्हतं.

काका, मी तुम्हाला काय देणार? एकच सांगते. तेरा वर्षं मी तुमचे फोन जोडून दिले. तुमचा आवाज माझ्यापाशी जसाच्या तसा आहे, किंचित खर्जातला, वाक्य संपताना हळू होणारा. इथल्या सगळ्यांना तो आता साठीचा ऐकू येतो, थकलेला ऐकू येत असेल. मला नाही. तुम्ही बोलता, मी ओठ वाचते, आणि आत बोलतो तो सत्तावन्न वर्षांचा माणूस. तो माझ्याकडे कधी निवृत्त व्हायचा नाही.

अध्यक्षांनी मला चिठ्ठी पाठवली आहे की वेळ संपली. मंडळानं मला उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे शांतपणेच घेतलं असावं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात एखादा शब्द कुणाला टोचला असेल, तर तो माझ्या कानांवर नका लोटू. चूक माझीच समजा आणि पोटात घाला. नमस्कार.